करवंद नव्हे, गेळा

फोटोतलं काटेरी झुडूप करवंदाचं का, असं विचारलंत. काटे बघून करवंद वाटणं साहजिक आहे, पण ही करवंदाची जाळी नाही, हा गेळा. सोपी खूण म्हणजे पान तोडून बघा, करवंदाला लगेच पांढरा चीक येतो, याला येत नाही. आणि फळाच्या टोकाला फुलाच्या पाकळ्यांखालचा भाग मुकुटासारखा तसाच चिकटून राहिलेला दिसतो, पेरूला असतो ना अगदी तसा. सह्याद्रीच्या उतारांवर पानझडी जंगलात सगळीकडे आहे, कॉफीच्या कुळातला. पाऊस तोंडावर आला की फुलं येतात, पहिल्यांदा पांढरीशुभ्र, मग पिवळी पडत जातात, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंगांची फुलं बघून भलेभले गोंधळतात. वास मस्त असतो पण फोटोसाठी हात घालताना जपून, काटे सरळ आणि चांगलेच दणकट.

याचं फळ खाल्लं तर चालेल का म्हणाल तर कृपा करून नको! हेच आयुर्वेदातलं मदनफळ, पंचकर्मातल्या वमनाचं, म्हणजे उलटी करवण्याचं, मुख्य औषध, म्हणजे काय होईल ते कळलंच असेल. वैद्याशिवाय प्रयोग नको. फळ ठेचून पाण्यात घुसळलं की साबणासारखा फेस येतो, म्हणून कपडे धुवायला वापरायचे, आणि डोहात टाकून मासे गुंगवून पकडायचे ते पण यानेच.