मदत हवी आहे: पार्किन्सनमधले भास थांबले, पण गोळीने झापड आणि भोवंड

सासरे ७४ वर्षांचे, पार्किन्सन ९ वर्षांपासून. पार्किन्सनसाठी सिंडोपा ११० दिवसातून चारदा, प्रॅमिपेक्सोल ०.५ तीनदा, पॅसिटेन २ मिग्रॅ दोनदा; प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, रोज पित्ताची एक कॅप्सूल. संध्याकाळी गॅलरीत लहान मुलं उभी दिसायची, "त्यांना चहा दे" म्हणायचे. तीन आठवड्यांपूर्वी भासांवर रात्रीची क्वेटियापिन २५ सुरू झाली. मुलं दिसायची थांबली, पण आता सकाळी अकरापर्यंत झापड असते आणि उठून बाथरूमकडे निघाले की भोवंड येते. दोनदा तोल गेला. अपॉइंटमेंट दोन आठवड्यांनी आहे. तोवर क्वेटियापिन बंद केली तर चालेल का?

प्रतिसाद १

ताई, मनाने बंद करू नका, भास परत येतील. या आजारात सुरुवात बहुधा १२.५ ने करतात, म्हणजे अर्ध्या गोळीवर यायला वाव आहे. पण ते डॉक्टरांना फोनवर विचारून. पाकिटावर एसआर किंवा एक्सआर (हळूहळू विरघळणारी) लिहिलं असेल तर ती गोळी मोडायची नाही. आणि देता किती वाजता? उशिरा देत असाल तर साडेआठला द्यायला विचारा, सकाळची झापड बरीच ओसरते.

आधी बीपी मोजा. सकाळी अंथरुणातच पट्टा बांधा, पाच मिनिटं आडवे असताना एक रीडिंग. पट्टा न सोडता उभं करा (एकाने धरून), एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर भोवंड बहुधा त्यामुळेच.

प्रतिसाद २

+१. पण मला संशय पित्ताच्या कॅप्सूलचा. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. लेव्होसल्पिराइड असेल तर पार्किन्सनवाल्याला ती नकोच. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं जे रसायन कमी पडतं त्या डोपामाइनचं काम अडवते, कंप आणि ताठरपणा वाढतो. उलटीवरची पेरिनॉर्मही (मेटोक्लोप्रामाइड) त्याच माळेतली.

दुसरी पॅसिटेन. या वयात भास, विसर, बद्धकोष्ठता, लघवी अडणं, सगळ्यांत तिचा हात असतो. म्हणजे बघा, पॅसिटेन लघवी अडवणार, लघवीसाठी टॅमसुलोसिन, आणि टॅमसुलोसिन बीपी उतरवणार! भास असताना पार्किन्सनची औषधं कमी करायची तर सहसा आधी पॅसिटेन, मग अमॅन्टाडिन, रासाजिलिन, प्रॅमिपेक्सोल. सिंडोपाला शेवटी हात. तेही डॉक्टरांच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने. एकदम तोडलं तर ताप, लाकडासारखं अंग, शुद्ध हरपणं इथवर जाऊ शकतं.

धागाकर्ती

आडवे १४२/८४, तीन मिनिटं उभे ११०/७०. कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड ७५ निघालं. क्वेटियापिन साडेदहाला देते.

प्रतिसाद १

३२ ने उतरतंय. दोन आठवडे थांबू नका, उद्याच फोन करा आणि हे आकडे वाचून दाखवा. क्वेटियापिन, टॅमसुलोसिन, प्रॅमिपेक्सोल, सिंडोपा, चौघीही बीपी उतरवतात. कुठली हलवायची ते डॉक्टर ठरवतील. कॅप्सूलला पर्याय त्याच फोनवर मागा.

तोवर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून सहा इंच उंची द्या. उशा रचून काम होत नाही, नुसती मान वाकते. उठण्याआधी दोन ग्लास पाणी, मग कडेला बसून दोन मिनिटं पाय हलवणं, मगच उभं राहणं. रात्री युरिन पॉट पलंगाशी. मीठ वाढवणं हृदय-किडनीचं विचारल्याशिवाय नको. लघवीची तपासणी आणि रक्तातलं सोडियम करून घ्या, नुसत्या जंतुसंसर्गानेही भास होतात. अँटिबायोटिक लागलंच तर क्वेटियापिन चालू असल्याचं सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनने तिचं रक्तातलं प्रमाण खूप चढतं.

धागाकर्ती

आणि क्वेटियापिन सोसलीच नाही तर?

प्रतिसाद २

क्लोझापिन. सुरुवात ६.२५, म्हणजे २५ च्या गोळीचा पाव. भासांवर प्रभावी, पण पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी). ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी. लाळ गळते, पोट घट्ट होतं, बीपी तिनेही उतरतं. सिप्रोफ्लॉक्सासिनने हिचंही प्रमाण चढतं.

फाइलच्या कव्हरवर आजच लाल पेनाने लिहा: पार्किन्सन आहे, हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, मेटोक्लोप्रामाइड देऊ नये. हीही डोपामाइन अडवणारी. रात्री कॅज्युअल्टीत गोंधळ घालणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटला पहिलं इंजेक्शन बऱ्याचदा हॅलोपेरिडॉलचंच निघतं.