प्रति: कॉम्प्रेसर की ई-बो?

इलेक्ट्रिक गिटारला कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी करणारं यंत्र) लावला की सस्टेन, म्हणजे सूर लांबवर टिकणं, मिळतोच असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. विझत चाललेला सूर तो फक्त मोठा करतो, सोबत हिसही (मागची सूं-सूं) वाढवतो, तारेला नवीन जोर काही देत नाही. ई-बो, म्हणजे हातात धरून तारेवर ठेवायचं छोटं यंत्र, तो जोर देतो, एका कॉइलने तारेचं कंपन पकडतो आणि दुसऱ्या कॉइलने तीच तार हलवत ठेवतो, 9 व्होल्टच्या बॅटरीवर, त्यामुळे अँप बंद असला तरी तार थांबत नाही.

परळला आमच्या दोन खोल्यांत फीडबॅक काढण्याएवढा, म्हणजे अँपच्या आवाजानेच तार घुमत राहील एवढा, आवाज शक्यच नाही, म्हणून रात्री हेडफोन लावून ई-बोवरच मींडेचा रियाज करतो. फक्त तो पिकअपच्या (तारेचं कंपन टिपणाऱ्या गिटारवरच्या भागाच्या) वर नेला की आवाज एकदम चढतो, तेव्हा जरा मागेपुढे सरकवत सांभाळायचं, हाताला बसायला मला अख्खा पावसाळा लागला पण तो सूर सोडवत नाही हो!