केबल ठीक आहे, पण पिवळा बोर्ड विसरलात

नव्वदच्या दशकात समाज बदलला तो केबल टीव्हीमुळे, असं तुम्ही म्हणता; हे पटतं पण अर्धंच. १९९२ला झी टीव्ही आलं नि दूरदर्शनची सद्दी संपली खरी, पण गल्लोगल्ली पिवळ्या बोर्डाचे एसटीडी बूथ (पैसे देऊन परगावी फोन लावायच्या टपऱ्या) झाले त्याचं काय? रात्री अकरानंतर कॉलचा दर पावपट व्हायचा म्हणून लोक जेवणं उरकून रांग लावायचे, आत काचेच्या केबिनमध्ये बोलणाऱ्याची नजर सारखी बिलाच्या मीटरच्या आकड्यांवर. कित्येक प्रेमप्रकरणं तिथेच जमली (घरी फोन होता कुणाकडे, कनेक्शनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची!). शिवाय बूथ देताना अपंगांना प्राधान्य असायचं, कितीतरी जणांना हक्काची कमाई मिळाली, मला तर हे जास्त मोठं वाटतं. केबलवरच्या मालिकांचं काय, मालिका दूरदर्शनवरही होत्याच की.