‘कुलक’ नेमके कोणाला म्हणत?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ): आमच्या गावच्या वाचनालयात स्टालिनच्या काळावर बोलणे चालले असताना एका काकांनी विचारले की, दोन बैलजोड्या आणि एक सालदार असलेला आपल्याकडचा कापूसवाला शेतकरी तिकडे ‘कुलक’ ठरला असता काय?

उत्तर १: सहज ठरला असता. सोव्हिएत सरकार सधन शेतकऱ्याला ‘कुलक’ म्हणे. मजूर ठेवणे हे सरकारी लक्षणच होते, बाकी व्याख्या सैल होती. १९३०-३१ मध्ये कुलक ठरवून सुमारे १८ लाख लोकांना कुटुंबांसह हद्दपार केले गेले.

उत्तर २: खरी भीषणता पुढे आहे. सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या (एनकेव्हीडी) ३० जुलै १९३७ च्या आदेश क्रमांक ००४४७ मध्ये, हद्दपारीतून परतलेल्या कुलकांसह इतर ‘शत्रूं’साठी प्रत्येक प्रदेशाला गोळ्या घालण्याचा आणि छावणीत धाडण्याचा आकडा आधीच नेमून दिला होता, आणि तिघांचे मंडळ आरोपीला समोर न आणताच निकाल देई. स्थानिक अधिकारी तो आकडा वाढवून मागत. (लक्ष्यांकाचे तक्ते भरणाऱ्या आपल्या कचेऱ्यांना ही भाषा ओळखीची वाटेल, परंतु इथे तक्त्यात माणसे होती.) सोव्हिएत नोंदींनुसार १९३७-३८ या दोन वर्षांत, हा आदेश आणि इतर राजकीय प्रकरणे मिळून, ६,८१,६९२ जणांना मृत्युदंड दिला गेला.

प्रश्नकर्ता: गोळ्या घातलेल्यांच्या नातेवाइकांना काय सांगत?

उत्तर २: ‘पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षे’ कैद झाली, एवढेच; माणूस मारला गेल्याचे सांगत नसत.