आई पहिल्यांदाच परदेशात ग्रुप टूरला निघालीये, तेही एकटी. तिची तयारी कशी करून घेऊ?

निळी छत्री

नमस्कार मंडळी. माझी आई ६८ वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात ११ दिवसांच्या ग्रुप टूरला निघालीये: फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली. गटात ३४ जण आहेत, पण ओळखीचं एकही नाही. खरं तर आम्ही दोघी जाणार होतो. माझी सुट्टी ऐन वेळी रद्द झाली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी माझा गुडघा काय म्हणेल, ते आज सांगतेस का?" मी गप्प बसले.

व्हिसा झालाय. टूर कंपनीने दोन पानांची यादी पाठवलीये. स्वेटर, छत्री, गॉगल, सगळं आहे त्यात. माझ्या डोक्यात जे घोळतंय तेवढंच नाही. आई उजव्या गुडघ्याला जपून चालते, जिना एकेक पायरी करत उतरते. सकाळी थायरॉइड आणि बीपीची गोळी, रात्री इन्सुलिन. फोनवर मेसेज करते, व्हिडिओ कॉल लावते, पण नकाशा बघून चालणं तिला जमत नाही. इंग्रजी वाचते, बोलताना अडखळते. खोली शेअरिंगची आहे, सोबत कोण ते अजून कळलेलं नाही.

सामानाचं मी बघून घेईन. मला भीती वाटते ती वेगळीच. गर्दीत ती मागे राहिली आणि गट पुढे निघून गेला तर? त्या विचारानेच पोटात गोळा येतो. ज्यांनी आईवडिलांना असं पाठवलंय किंवा जे स्वतः या वयात गेलेत, त्यांनी कृपया सांगा.

शेवटची सीट

ताई, मी १७ वर्षं टूर मॅनेजर होते, दोन वर्षांपूर्वी थांबले. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण आम्हीसुद्धा रोज सकाळी त्याच काळजीने कोचमध्ये माणसं मोजायचो.

व्हेनिसला ग्रुपचा कोच ट्रोन्केटोला थांबतो आणि तिथून बोटीने सान मार्को चौकाकडे जातात. एकदा चौकातून परत धक्क्याकडे निघताना माझ्या गटातल्या एक बाई मागे राहिल्या. वय ७१. फोन कोचमधल्या पिशवीत. हॉटेलचं नाव आठवत नव्हतं, आणि आठवलं असतं तरी फार उपयोग नव्हता, कारण ग्रुपची हॉटेलं बहुतेक वेळा शहराबाहेर असतात आणि एकाच नावाची तीन-तीन असतात. बोटीवर मोजताना एक डोकं कमी भरलं, तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. गटाला धक्क्यावर बसवून मी उलटी पळत गेले. बाई घंटाघराच्या पायथ्याशी, सकाळी मी माहिती सांगत उभी होते त्याच जागी, पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, जिथे तुम्हाला शेवटचं पाहिलं तिथेच थांबायचं."

आईंना एवढं एकच वाक्य पाठ करून घ्या. शोधायला निघायचं नाही. टूर मॅनेजर परत येतो, आणि तो त्याला माहीत असलेल्या जागीच येतो. दोघंही चालत राहिले तर संध्याकाळ होते.

दुसरं म्हणजे एक कागद. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. त्यावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत आईंचं नाव, टूर मॅनेजरचा तिकडे चालणारा नंबर, तुमचा नंबर देशाच्या कोडसकट, आजार, औषधांची नावं, विमा पॉलिसीचा नंबर आणि विम्याचा मदत क्रमांक. हा कागद अंगावरच्या कपड्याच्या खिशात हवा, पर्समध्ये नको. पर्स कोचमध्ये राहते, खुर्चीला अडकवून विसरते, चोरीलाही जाते. रोजच्या हॉटेलचं कार्ड रिसेप्शनवर मिळतं, तेही खोलीची चावी घेतानाच याच खिशात टाकायचं. आणि ११२ हा नंबर त्यांना माहीत असू दे. तुम्ही सांगितलेल्या चारही देशांत तो चालतो आणि मोफत आहे.

लोक विचारतात, ग्रुप आहे तर एवढं कशाला? ताई, ग्रुप असला तरी एक अख्खा दिवस एकटीला काढता येईल इतकं अंगावर आणि डोक्यात हवं. मग उरलेले दहा दिवस माणूस निर्धास्तपणे मजा करतो. घाबरलेली माणसं मी फार पाहिलीत. डोंगर, तळं, काही बघत नाहीत. नजर सतत आमच्या हातातल्या झेंड्यावर.

आता गुडघ्याचं. विमानतळावर व्हीलचेअर मागा, त्यात कमीपणा अजिबात नाही. पण मागताना नीट सांगा. लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, त्याला विमान कंपन्यांच्या भाषेत डब्ल्यूसीएचआर म्हणतात. पायऱ्याही चढता येत नसतील तर डब्ल्यूसीएचएस. विमान कधी पुलाला लागतं, कधी लांब मैदानात उभं राहतं आणि शिडीने उतरावं लागतं. आईंना शिडी जमणार नसेल तर दुसरा कोड टाकायला सांगा, म्हणजे लिफ्टची गाडी येते. ही मागणी निघायच्या किमान ४८ तास आधी नोंदवलेली हवी, आणि जाताना-येताना दोन्हीकडची. परतीची नोंदवायला हमखास विसरतात.

आणि बाथरूम! कुठल्याच यादीत हे नसतं, पण माझ्या गटांत सगळ्यात जास्त माणसं पडली ती रस्त्यावर नाही, हॉटेलच्या बाथटबमध्ये. टबची कड गुडघ्याच्या वर येते, आत गुळगुळीत, धरायला दांडा असेलच असं नाही. पहाटेची घाई, खोली अनोळखी, आणि दुखरा पाय आधी आत टाकला की संपलंच. कंपनीला आजच मेल करा: शक्य असेल तिथे टब नसलेली, सपाट शॉवरची खोली द्या. हॉटेलांच्या याद्या पक्क्या व्हायच्या आत कळवलं तर बऱ्याचदा मिळते. सोबत रबराची चटई द्या, गुंडाळून बॅगेच्या कडेला बसते. आणि घरी सराव करून घ्या: आधी टबच्या कडेवर बसायचं, मग एक पाय, मग दुसरा, उठताना भिंतीला हात. न्हाणीघराबाहेर स्टूल ठेवूनही हे जमतं. बाहेर पडताना टॉवेल खाली पसरलेला असला पाहिजे.

बूट नवे घेणार असाल तर आज घ्या आणि उद्यापासून रोज घालायला लावा. तिकडच्या जुन्या गल्ल्यांत दगडी फरसबंदी असते, सपाट जमिनीवर छान वाटणारा बूट तिथे टाचेला लागतो. घडीची काठी द्या. आई नको म्हणतील, तरी द्या.

बॅगेला २३ किलो चालतात म्हणून २३ भरू नका. भरलेली बॅग आईंनी स्वतः तीन पायऱ्या वर न्यायची. जमलं तर वजन बरोबर, नाही तर काढा. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवा. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर होतात, मर्यादा १०० ची आहे.

वेळेबद्दल एक सांगते. लोक म्हणतात, टूरवाले पळवतात. पण तिथल्या कोच ड्रायव्हरला कायद्याने साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाचे एकूण तासही ठरलेले असतात. गाडीत यंत्र असतं, ते सगळं नोंदवतं. सकाळी वीस मिनिटं उशीर झाला की संध्याकाळचं एखादं ठिकाण हातचं जातं. म्हणून आईंना रोज सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी खाली यायची सवय लावा. गुडघा असा असताना त्यांना घाई परवडणारच नाही. लिफ्टमध्ये तळमजल्याचं बटण बहुतेक ठिकाणी ० असतं. १ दाबलं की माणूस एक मजला वरच उतरतो आणि रिसेप्शन शोधत बसतो.

रूममेटचं नाव मागून घ्या आणि निघायच्या आधी दोघींचं बोलणं करून द्या. पहाटे कोण आधी उठतं, रात्री दिवा लागतो का, घोरण्याचा त्रास होतो का, हे सगळं मोकळेपणाने आधीच बोललं की खूप सोपं जातं. इन्सुलिनचंही त्यांना माहीत असू दे. रात्री आईंना घाम फुटला, हात थरथरले तर साखर द्यायची, हे शेजारच्या पलंगावरच्या माणसाला ठाऊक हवं.

औषधवाली

मी औषधांच्या दुकानात काम करते, तेवढ्यापुरतं लिहिते. इन्सुलिन कुठल्याही परिस्थितीत चेक-इन बॅगेत टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका. वापरात असलेलं पेन साधारण ४ आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं (आतल्या पत्रकावर नेमके दिवस असतात), म्हणजे ११ दिवसांसाठी ते फ्रिजमध्ये ठेवायची गरजच नाही. जास्तीचं एक पेन मात्र द्या. सुया, पट्ट्या, ग्लुकोमीटर, सगळं हातातल्या बॅगेत. १०० मिलिलीटरचा नियम औषधांना लागत नाही, पण तपासणीला ते वेगळं काढून दाखवायचं.

गोळ्या डब्यात काढून भरू नका, मूळ पाकिटातच राहू द्या. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तिकडे तुमचा ब्रँड कोणी ओळखणार नाही. वेळेतल्या फरकामुळे इन्सुलिन कधी घ्यायचं, हे डॉक्टरांनाच विचारून घड्याळाच्या तासांत लिहून घ्या. आपल्या मनाने नको.

अजून एक, हे फार बघते. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर प्रवासात बायका ती गोळी टाळतात, वर पाणीही कमी पितात, का तर कोच मध्येच थांबत नाही. चक्कर येऊन पडण्याचं ते एक मोठं कारण आहे. गोळीची वेळ बदलता येते का, ते डॉक्टर सांगतील. हायवेवरच्या स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी द्या. स्वित्झर्लंडला युरो नाही, फ्रँक चालतो, तीही थोडी द्या.

आणि हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: कोडीन असलेली खोकल्याची आणि दुखण्याची औषधं बऱ्याच देशांत नियंत्रित आहेत. जपानला तर सर्दीच्या काही साध्या गोळ्याही, त्यातल्या स्युडोएफेड्रिनमुळे, नेता येत नाहीत.

मागच्या वर्षीचा प्रवासी

बॅगेवरून लिहितो. मधल्या विमानतळावर आमचं पुढचं विमान जेमतेम मिळालं आणि माझी बॅग मागे राहिली. मी काउंटरवर पहिल्या हॉटेलचा पत्ता दिला आणि निघालो. बॅग दुसऱ्या दिवशी तिथे पोचली, तोवर आम्ही दुसऱ्या देशात. मग ती चार दिवस आमच्या मागे एकेक मुक्काम उशिरा येत राहिली. मी ६६ वर्षांचा, अंगावरच्या एका जोडीवर ते चार दिवस काढले. फार हतबल वाटलं.

म्हणून सांगतो, ग्रुप टूरला जाताना सगळ्या हॉटेलांची तारखांसकट छापील यादी जवळ हवी आणि ती अख्खी यादी काउंटरवर द्यायची. बॅग आली नाही किंवा फुटली तर विमानतळावर सामान मिळतं तो हॉल सोडायच्या आत तक्रार लिहून घ्यायची, त्याला पीआयआर म्हणतात, आणि त्यावरचा नंबर जपायचा. मॉन्ट्रियल करारानुसार लेखी दावा करायला बॅग फुटली असेल तर ७ दिवस आणि उशिरा आली असेल तर हातात आल्यापासून २१ दिवस मिळतात. गरजेला कपडे घ्यावे लागले तर पावत्या ठेवा. बॅगेचा फोटो आईंच्या फोनमध्ये असू द्या. दोन दिवसांचे कपडे हातातल्या बॅगेत.

शेवटची सीट

वरच्या दोन्ही प्रतिसादांतलं अक्षर न् अक्षर खरं आहे. विम्याचं राहिलं होतं. व्हिसा झालाय म्हणजे शेंगेनला, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाला, लागणारा किमान ३०,००० युरोंचा विमा काढलेला असणार. पण पॉलिसी उघडून बघा, मधुमेह आणि बीपी त्यात नोंदवलेत का. आधीपासूनचा आजार लपवला गेला असेल तर नेमक्या गरजेच्या वेळी कंपनी हात वर करते. हॉस्पिटलात भरती व्हायच्या आधी विम्याच्या मदत क्रमांकावर फोन करायचा असतो, हे आईंना आणि रूममेटलाही सांगा.

निळी छत्री

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत बरंच केलं. पॉलिसीत थायरॉइड होतं, मधुमेह नव्हता! आज दुरुस्त करून घेतला. टबसाठी मेल केलाय. कागद केला, आईने स्वतः पांढऱ्या कापडाचा खिसा शिवून कुर्त्याला आतून लावला आणि कागद त्यात ठेवला. काल तिला गर्दीच्या ठिकाणी नेलं, मुद्दाम पुढे निघून गेले आणि वीस मिनिटांनी परत आले. ती त्याच खांबाशी उभी होती. मलाच रडू आलं, ती शांत होती.

रूममेटचा नंबर मिळाला. दोघी फोनवर पाऊण तास बोलत होत्या.

एक शंका राहिलीये. सीमेवर आता बोटांचे ठसे घेतात असं वाचलं. आईचे ठसे मशीनवर पटकन उमटत नाहीत. त्यावरून अडवतील का?

शेवटची सीट

नाही अडवणार. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर ईईएस नावाची नोंदणी सुरू झालीये, त्यात ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. वय झालेल्या माणसांचे ठसे पुसट असतात, अधिकाऱ्यांना हे रोजचंच असतं. आत्तापासून रात्री हाताला क्रीम लावू द्या, आणि मशीनवर बोट दाबून न धरता सपाट टेकवायला सांगा. वेळ लागेल, मागची रांग कुरकुरेल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. परतीचं तिकीट आणि पहिल्या हॉटेलचा पत्ता तेवढा हातात असू द्या, विचारतात.

खांबाचं वाचून फार बरं वाटलं. हॉटेलांची यादी आली की इथे टाका. कुठे स्टेशन, केबल कार, बोटीच्या धक्क्यावर पायऱ्या जास्त आहेत ते मी एकेका दिवसाप्रमाणे लिहून देते. त्या दिवशी त्यांनी काठी बरोबर घ्यायची.