फ्लू पॉझिटिव्ह, क्रिएटिनिन १.६: अँजिओला डाय किती?

वॉर्ड_नोंदवही
पुरुष, ६८ वर्षं, ६० किलो, मधुमेह. एनस्टेमी (ईसीजीत एसटी न उचललेला हार्ट अटॅक), ईएफ (हृदयाची पंप करायची क्षमता) ३५ टक्के. चार दिवस ताप, इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) १.६, ईजीएफआर (त्यावरून काढलेला मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग) ४६. उद्या अँजिओ. मूत्रपिंडाला डाय (कॉन्ट्रास्ट) बाधू नये म्हणून सलाईन किती, डायची मर्यादा किती? एनॅसिटिलसिस्टीन द्यायचं का?

कॅथलॅब_रात्रपाळी
१.६ नेहमीचं की तापातलं? जुना रिपोर्ट १.० चा निघाला तर ४६ वर विसंबू नका. क्रिएटिनिन स्थिर असेल तरच ते गणित खरं. छातीत दुखणं थांबलंय, बीपी ठीक आहे, तर एखादा दिवस थांबता येईल. (स्टेमी, म्हणजे एसटी उचललेला अटॅक, असता तर थांबायचा प्रश्नच नव्हता.)

डाय ईजीएफआरच्या दुप्पट, म्हणजे ९२ मिली. तिप्पट, १३८, ही शेवटची हद्द. एलव्ही ग्राम (हृदयाच्या डाव्या कप्प्यात डाय सोडून काढलेलं चित्र) नको, इको आहेच; ३० मिली तिथेच वाचली. डाव्या कोरोनरीत शॉटला ६-७, उजवीत ३-४ मिली पुरते. खरी उधळपट्टी गाइड कॅथेटर बसवतानाच्या छोट्या पफांत होते, ते कुणी मोजत नाही. कॅथेटर बदलताना आतली डाय मागे ओढून घ्या, पुढे फ्लश करू नका. स्टेंट फक्त दोषी धमनीला, बाकीचं नंतर.

मूत्रपिंड_ओपीडी
एनॅसिटिलसिस्टीन सोडा. २०१८ च्या प्रिझर्व्ह चाचणीत तेही आणि सोडियम बायकार्बोनेटही निरुपयोगी ठरलं.

नॉर्मल सलाईन एरवी तासाला किलोमागे १ मिली, १२ तास आधी, १२ तास नंतर. ईएफ ३५ ला निम्मं: तासाला ३० मिली. पण तापाने जीभ कोरडी, लघवी कमी असेल तर आधी ती तूट भरा. सोबत न्यूमोनिया असेल तर दर थोड्या वेळाने छाती ऐका. लॅबमध्ये एलव्हीईडीपी (डावा कप्पा भरल्यावरचा आतला दाब) मोजलात तर अंदाजपंचे नको: १३ च्या खाली किलोमागे तासाला ५ मिली, १३ ते १८ ला ३, त्यावर दीड; तिन्हींत चार तास.

ओसेल्टामिव्हिरचा (फ्लूचं औषध) डोस तपासा. वय-वजन धरून क्रिएटिनिन क्लिअरन्स ३७ येतो, म्हणजे ७५ नव्हे, ३० मिग्रॅ दिवसातून दोनदा. तापाला पॅरासिटामॉलच, डायक्लोफिनॅक (वेदनाशामक) बंद. मेटफॉर्मिनही (मधुमेहाची गोळी) बंद.

वॉर्ड_नोंदवही
मेटफॉर्मिन परत कधी? क्रिएटिनिन किती दिवस बघायचं?

मूत्रपिंड_ओपीडी
४८ तासांनी, क्रिएटिनिन वाढलेलं नसेल तरच. तपासणी २४, ४८, ७२ तासांना. ४८ तासांत ०.३ वाढलं की मूत्रपिंडाला इजा धरायची. डायचं असेल तर तिसऱ्या-पाचव्या दिवशी शिखर, सात-दहा दिवसांत उतार. उतरलंच नाही आणि पायाची बोटं निळसर दिसली तर कोलेस्टेरॉलचे कण अडकलेत.