माझ्या वाट्याचे तळघर : डायब्लोचे अनुभव

‘डायब्लो’ हा संगणकावरील खेळ अमेरिकेत १९९६ च्या अगदी अखेरीस बाजारात आला. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती तो त्यानंतर दोन-चार वर्षांनी, कुणाच्या तरी मामेभावाने कॉपी करून दिलेल्या सीडीवरून पडला असावा. या खेळातील ट्रिस्ट्रम हे गाव सर्वांना सारखेच मिळते. तोच लोहार ग्रिसवोल्ड, तीच नदीपलीकडची चेटकीण एड्रिया, आणि माल नुसता दाखवण्याचीच पन्नास नाणी मागणारा तोच लाकडी पायाचा वर्ट. चर्चखालचे सोळा मजले मात्र संगणक प्रत्येक नव्या खेळात नव्याने रचतो. याचा अर्थ असा, की मी जे तळघर पाहिले ते तुमच्यापैकी कुणीच पाहिलेले नाही आणि तुमचे तळघर मला कधी दिसणार नाही. म्हणून हा धागा काढत आहे. हत्यारांच्या याद्या नकोत. एखादी खोली, एखादे दार किंवा एखादी रात्र आठवत असेल तर ती सविस्तर लिहावी, ही विनंती.

सुरुवात मी करतो. माझ्या आठवणीत तळघरापेक्षा अंगणच अधिक आहे. योद्ध्याच्या पिशवीत चाळीस चौकोन असतात, एका चौकोनात पाच हजारच नाणी मावतात आणि ती ठेवायला गावात पेटी म्हणून नसते. त्यामुळे मी सोन्याचे ढीग चौकात, म्हाताऱ्या केनच्या आसपास, जमिनीवरच मांडून ठेवत असे. एकट्याने खेळताना ते जागचे हलत नाहीत. एकदा आई चहा घेऊन खोलीत आली, पडद्यावरचे ते पिवळे ढीग तिने काही क्षण न्याहाळले आणि म्हणाली, “अरे, एवढं सोनं असं उघड्यावर ठेवतात का?” त्यानंतर कितीतरी दिवस गाव सोडून खाली उतरताना मला खरोखरच चुकल्यासारखे वाटत असे.

सांगलीकर

माझा अनुभव दुसऱ्या मजल्यावरचा आहे, आणि तो कशाचा असेल हे जाणकारांनी ओळखले असेलच. चर्चच्या दारात जखमी होऊन पडलेला माणूस बुचर नावाच्या राक्षसाविषयी सांगून प्राण सोडतो; माझे इंग्रजी त्या वेळी बेताचे असल्याने तो नेमके काय सांगतो आहे, हे मला कळले नाही. मी वाटेत दिसेल ते दार उघडत गेलो. एका चौकोनी खोलीचे दार उघडले तेव्हा आत जमिनीवर रक्त आणि खुंटांवर लटकवलेली प्रेते दिसली, आणि त्याच क्षणी ताजे मांस आल्याचा आनंद व्यक्त करणारा तो जाडा आवाज आला. पुढच्या चार-पाच सेकंदांत मी मेलो. सेव्ह केलेला खेळ उघडला, पुन्हा गेलो, पुन्हा मेलो.

चौथ्या की पाचव्या खेपेस मी पळत सुटलो आणि योगायोगाने एका लोखंडी जाळीच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. बुचर सरळ माझ्या दिशेने येऊ पाहत होता आणि जाळीला अडून जागच्या जागी पाय हलवत होता. माझ्या पिशवीत विकण्यासाठी ठेवलेले एक फुटकळ धनुष्य होते. या खेळात बाण कधी संपत नाहीत, पण धनुष्य झिजते. योद्ध्याला आपले हत्यार स्वतः दुरुस्त करता येते खरे, मात्र प्रत्येक दुरुस्तीगणिक त्या हत्याराची टिकण्याची मूळ क्षमताच कायमची उतरत जाते. ते धनुष्य मी इतक्या वेळा दुरुस्त केले, की शेवटी ते दहा-बारा बाणांपुरतेही टिकेना. प्रत्येक बाणाला एक क्लिक, आणि योद्ध्याचा नेम कच्चा असल्याने निम्मे बाण वाया! शेजारच्या खोलीत झोपलेल्या वडिलांनी अखेर विचारले, “एवढ्या रात्री टायपिंग शिकतोयस का?” बुचर पडला तेव्हा मी ओरडू शकलो नाही, ही रुखरुख अजून आहे.

नदीपलीकडे

मी हा खेळ दोनदा पूर्ण केला, परंतु मला बुचर एकदाही भेटला नाही. माझी सीडी सदोष होती असे मी आजवर समजत आले आहे.

धागाकर्ता

सीडी सदोष नव्हती. एकट्याने खेळताना मजल्यांप्रमाणेच खेळाडूला नेमून दिलेली कामेही संगणकच निवडतो. बुचर, ऑग्डेनच्या खाणावळीची पाटी आणि गारबाड नावाचा राक्षस या तिन्हींपैकी दोनच वाट्याला येतात. लिओरिक राजा आणि गावचे विषारी झालेले पाणी यांपैकी तर एकच. अनेकांनी मिळून खेळताना मात्र बुचर असतोच.

मॅना शून्य

मी जादूगार घेऊन खेळले आणि माझे सर्व नुकसान शब्दकोशामुळे झाले. तळघरात ठिकठिकाणी देव्हाऱ्यासारख्या वेदी असतात, त्यांवर माऊस नेला की नाव दिसते आणि क्लिक केले की काहीतरी घडते. काय घडणार, ते मात्र आधी कळत नाही. मी आठवीत होते. संगणकाशेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवून मी प्रत्येक वेदीचे नाव पाहत असे आणि अर्थ चांगला निघाला तरच तिला हात लावत असे. ‘फॅसिनेटिंग’चा अर्थ ‘मोहक’ असा निघाला. त्या वेदीने माझा अग्निबाण दोन पायऱ्यांनी वाढवला आणि मोबदल्यात माझ्या एकूण मॅनाचा, म्हणजे जादूसाठी लागणाऱ्या शक्तीचा, दहावा हिस्सा कायमचा काढून घेतला. कायमचा म्हणजे बाटली पिऊन, गावात जाऊन किंवा पातळी वाढवून तो परत मिळत नाही. मला हे तीन मजले उतरल्यावर लक्षात आले, आणि मधल्या काळात मी तोच एक सेव्ह पुनःपुन्हा त्याच जागी लिहीत गेले होते.

त्याच खेळात ‘ब्लॅक डेथ’ नावाच्या पिवळट प्रेतांनी, प्रत्येक फटक्याला एक याप्रमाणे, माझे आयुष्यही कायमचे कमी केले. त्यांचा वेग इतका कमी असतो, की त्यांच्या हाती सापडणे हा सर्वस्वी आपलाच निष्काळजीपणा. अलीकडच्या खेळांत कोणतीही चूक पैसे मोजून पुसता येते, ते मला मनापासून आवडत नाही. तो अशक्त जादूगार मी शेवटपर्यंत नेला, आणि सोळाव्या मजल्यावर त्याच्या पट्ट्यातील आठही बाटल्या संपलेल्या होत्या.

खोली नं. २१४

आम्ही वसतिगृहात चौघे जण खोल्यांमधून केबल टाकून खेळत असू; या खेळात एका वेळी चारच जणांना उतरता येते. सोबतीला कुणी असले की भीती जाते असा माझा समज होता, तो पहिल्याच रात्री खोटा ठरला. अनेकांच्या खेळात मेलात तर अंगावरचे चिलखत, ढाल, तलवार सर्व जागच्या जागी जमिनीवर सांडते, आणि ते कोण उचलेल हे मैत्रीवर अवलंबून असते. शिवाय एका खेळाडूने दुसऱ्याला मारले तर मृताचा कान पडतो, त्यावर त्याचे नाव असते. आमच्यातील एकाने माझा कान सबंध सत्रभर पिशवीत बाळगला आणि मेसमध्ये वाद झाला की तो त्याचा उल्लेख करीत असे.

परंतु आमचा खेळ कानांमुळे नव्हे, तर नकलांमुळे संपला. जमिनीवरची वस्तू उचलता उचलता नेमक्या क्षणी पट्ट्यातील बाटलीवर क्लिक केले की बाटलीची ती वस्तू होते, ही युक्ती कुणाला तरी समजली. आठवडाभरात चौघांच्याही अंगावर एकच चिलखत, बोटांत त्याच अंगठ्या. तळघर रोज नवे निघत होते आणि आम्ही चौघे हुबेहूब सारखे झालो होतो. त्यानंतर कुणी केबल जोडली नाही.

खाडीकाठ

मी कामानिमित्त सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला राहतो. माझ्या घराच्या मागील खिडकीतून ३,८४९ फूट उंचीचा माउंट डायब्लो दिसतो. या खेळाचा मूळ कर्ता डेव्हिड ब्रेव्हिक लहानपणी याच डोंगराच्या परिसरात राहत होता आणि खेळाला नाव तेथूनच मिळाले. त्याच्या आराखड्यात हा खेळ बुद्धिबळासारखा आळीपाळीने चाली करण्याचा होता. ब्लिझार्ड या प्रकाशक कंपनीच्या आग्रहामुळे तो सलग चालणारा झाला. सांगलीकरांच्या वडिलांना ऐकू आलेल्या क्लिकचे मूळ या एका निर्णयात आहे.

डोंगर प्रत्यक्षात फारच सौम्य आहे. उन्हाळ्यात गवत वाळून सोनेरी होते, ओकची झाडे विखुरलेली, आणि पायथ्याशी गाई चरतात. गाईंमुळे मात्र मी थबकलो. ट्रिस्ट्रममधील गाईंवर ठरावीक वेळा क्लिक केले की गुप्त मजला उघडतो, ही अफवा आमच्याकडे पुण्यातही पोहोचली होती आणि तिच्यापायी मी एक अख्खी दुपार घालवली होती. पहिल्या भागात असे काही नव्हतेच. कर्त्यांनी त्या अफवेवरून २००० साली दुसऱ्या भागात गाईंचा मजला खरोखरच घातला, आणि त्याचे दार उघडायला काय लागते, तर त्या पन्नास नाण्यांवाल्या वर्टचा लाकडी पाय!

कंदील

माझा अनुभव सध्या चालू आहे. २०१८ मध्ये काही हौशी मंडळींनी या खेळाची मूळ आज्ञावली उलट्या क्रमाने उकलून काढली, आणि तिच्यावर उभारलेल्या ‘डेव्हिल्युशन-एक्स’मुळे तो आता फोनवरही चालतो; त्यासाठी मूळ सीडीवरील एक मोठी फाईल तेवढी लागते. माझी सीडी सुदैवाने वाचता आली. मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याची पहिली तक्रार अशी होती, की हा माणूस गावातून इतका सावकाश का चालतो. संगीतकार मॅट यूल्मेनची बारा तारांच्या गिटारवरची ती धून पूर्ण ऐकायला मिळावी म्हणून, असे मी त्याला सांगितले, आणि ते त्याला अजिबात पटले नाही.

त्याने काल नवा खेळ सुरू केला. चर्चच्या दाराशी एक जखमी माणूस पडलेला दिसला. म्हणजे या खेपेस बुचर आहे. मुलाने त्या माणसाचे बोलणे अर्ध्यावर तोडले आणि जिना उतरला. मी शेजारी बसून भाजी निवडत होतो. सेव्ह करून ठेव, एवढेच म्हणालो.